बर्फात गाडी चालवायची पहिलीच वेळ, ब्रेक दाबायचा की नाही दाबायचा?

भित्रा_ससा:
नमस्कार मंडळी. गाडी चालवायला लागून बारा वर्षं झाली, पाऊस, धुकं, चिखल सगळं करून झालंय पण बर्फात कधी चालवायची वेळ आली नव्हती. यंदा कामामुळे थंडीच्या मुलखात राहायला आलोय आणि रोज सकाळी सहाला निघून २० किमी जायला लागतं, त्या वेळेला बस नाही. गेल्या आठवड्यात पहिला बर्फ पडला, दिसायला लय भारी, फोटोबिटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नलला ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना! पायाखाली पेडल कडकड कडकड करायला लागलं, थरथरायला लागलं, मला वाटलं खाली काहीतरी तुटलं, घाबरून पाय काढला, परत दाबला, परत काढला, आणि गाडी आपली निवांत सरकत सरकत पांढरी पट्टी ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन उभी. नशीब आडवं कोणी आलं नाही. वेग असेल तीसेक, देवाशपथ त्याहून जास्त नव्हता.

आता झालंय असं की जो भेटेल तो वेगळं सांगतो. एक म्हणतो बर्फावर ब्रेक मारूच नको, दुसरा म्हणतो गच्च दाबून धर, तिसरा म्हणतो पंप मार. घसरली तर स्टिअरिंग उलटं फिरवायचं म्हणतात, पण उलटं म्हणजे कशाच्या उलटं? गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं की बर्फाची काळजीच नको. टायरवर एम प्लस एस असं कोरलंय, ते बर्फाचे टायर असतात ना? आणि रस्त्यावर मीठ टाकतात ते दिसतं मला, मग तरी का घसरतं?

प्रश्न बाळबोध असतील तर माफ करा, पण रात्री झोप लागेना झालीये राव, साडेचारला उठून खिडकीतून रस्ता बघत बसतो.

जुना_खटारा:
ससेभाऊ, पहिलं म्हणजे काही तुटलेलं नाही. ती कडकड म्हणजे तुमचं एबीएस. चाक जॅम व्हायला लागलं की ते क्षणभर ब्रेक सोडतं, परत धरतं, परत सोडतं, एका सेकंदात कितीतरी वेळा, त्याचाच धक्का पायाला जाणवतो. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही पाय काढलात, म्हणजे ते बिचारं काम करत होतं आणि तुम्ही त्याला घरी पाठवलं :)

एबीएस असलेल्या गाडीत पेडल दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं, कितीही थरथरलं तरी. पंप मारायचा सल्ला जुन्या, एबीएस नसलेल्या गाड्यांचा, तिथे ते काम आपल्या पायाने करावं लागायचं. एबीएसचा खरा फायदा लवकर थांबण्यात नाहीच मुळी, चाक फिरत राहतं म्हणून स्टिअरिंग ऐकत राहतं हा फायदा. जॅम झालेलं चाक तुम्ही कितीही वळवा, गाडी सरळच जाणार. उलट भुसभुशीत ताज्या बर्फात एबीएसला थांबायला जरा जास्तच जागा लागते, कारण जॅम चाकापुढे बर्फाचा ढीग साचून तोच आडवा येतो, फिरत्या चाकापुढे तो साचत नाही.

आता फोर व्हीलबद्दल. ज्याने विकली त्याने अर्धंच सांगितलं. फोर व्हील म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच, तुमच्यात काही आठ नाहीत. निघताना, चढावर मदत होते, थांबताना शून्य. किंबहुना तोटाच, कारण ती इतकी बिनतक्रार निघते की रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही, थेट पहिल्या ब्रेकला कळतं. रस्त्याकडेच्या चरात तोंड खुपसून बसलेल्या गाड्यांमध्ये मोठाल्या फोर व्हील गाड्या मी भरपूर बघितल्यात.

हिशोब सांगतो. ताशी ३० ला कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारलात तर चार-पाच मीटरात गाडी उभी. गुळगुळीत बर्फावर तेच अंतर ३५ मीटरच्या घरात जातं. ६० ला चौपट धरा, म्हणजे १४० मीटर! आणि २० ला जेमतेम १५-१६. तुमचा सिग्नल का हुकला ते आलं ना लक्षात. वेग अर्धा केला की थांबायचं अंतर पाव होतं, बर्फात हे एवढं एकच गणित कामाला येतं.

गरमागरम:
मी दोन वर्षं बर्फात काढलीत, माझे अनुभवाचे दोन बोल. टायरातली हवा पंधरा-वीस टक्के कमी करा, पकड वाढते. सकाळी काचेवर बर्फ जमला असेल तर किटलीभर उकळतं पाणी ओता, एका मिनिटात काच साफ. बाकी एवढं घाबरण्यासारखं काही नसतं, सवय होते.

जुना_खटारा:
@गरमागरम उकळतं पाणी?? मायनस दहातल्या काचेवर? अहो काच तडकते, विशेषतः खडा लागून आधीच बारीकशी चीर पडलेली असेल तर हमखास. आणि नाही तडकली तरी ते पाणी खाली वायपरच्या खोबणीत आणि जमिनीवर गोठतं, म्हणजे दाराशीच स्वतःसाठी घसरगुंडी तयार. प्लास्टिकची खरवडणी ठेवा, आतून ब्लोअर लावा, पाच मिनिटं आधी उठा.

हवा कमी करण्याचं म्हणाल तर खोल मऊ बर्फात गाडी अडकली तर तेवढ्यापुरती युक्ती ठीक, रोजच्या रस्त्याला अजिबात नको. थंडीने हवा आपोआपच कमी होते, तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जातो. ससेभाऊंनी शेवटची हवा उन्हाळ्यात भरली असेल तर आत्ताच पाच-सहा पीएसआय कमी असेल. थंड टायरला मोजा आणि दाराच्या चौकटीवर लिहिलंय तेवढी भरा.

गरमागरम:
माझी काच नाही तडकली कधी. असो.

रात्रपाळी:
रस्त्यावर मीठ टाकायचं विचारलंत ना, मी तेच काम करतो. प्लाऊ चालवतो, म्हणजे पुढे तिरकं लोखंडी पातं आणि मागे मिठाचा हौदा आणि मीठ फेकणारी चकती असलेला ट्रक. रात्री दोनला निघून मीठ टाकून येतो आणि सकाळी लोक शिव्या घालतात की काही केलंच नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वाचायचं तर वाचा.

मीठ बर्फ वितळवतं हे अर्धंच खरं. कडाक्याच्या थंडीत कोरडा खडा कोरड्या बर्फावर टाकला तर तो तसाच पडून राहतो. त्याला विरघळायला आधी थोडं पाणी लागतं, मग त्याचा खारा द्राव होतो, तो शून्याच्या बराच खाली जाऊन गोठतो, आणि असा तो शेजारचा बर्फ सोडवत सोडवत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. म्हणून आम्ही हल्ली मीठ टाकतानाच खाऱ्या पाण्यात भिजवून टाकतो, ते लवकर काम सुरू करतं आणि गाड्यांच्या वाऱ्याने उडून कडेलाही जात नाही. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी रस्त्यावर लांबच लांब समांतर पांढुरक्या रेघा दिसल्या तर ते आम्ही मारलेलं खारं पाणी. वरून पडणारा बर्फ डांबराला घट्ट चिकटू नये म्हणून, मग पातं फिरवलं की तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. एकदा चिकटला की मग त्याच कामाला कितीतरी पट मीठ जातं.

पण थंडी वाढली की मीठ हरतं. मायनस एकला एक किलो मीठ ४५ किलोच्या आसपास बर्फ वितळवतं, मायनस सातला आठ-नऊ किलो, मायनस बाराला जेमतेम पाच. पाण्यात २३ टक्क्यांच्या आसपास मीठ असेल तर ते मायनस २१ पर्यंत गोठत नाही हे खरं, पण तो प्रयोगशाळेतला आकडा झाला. रस्त्यावर मायनस दहाच्या खाली साधं मीठ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरतात, ते हवेतला ओलावा स्वतःकडे ओढतं आणि विरघळताना उष्णता सोडतं, नाहीतर सरळ वाळू किंवा बारीक खडी. वाळू काहीच वितळवत नाही हां, ती फक्त टायरला खरखरीतपणा देते, आणि तासाभराच्या ट्रॅफिकमध्ये कडेला जाऊन बसते.

दुसरं म्हणजे मीठ टाकलं की काम संपलं असं नसतं. वरून परत बर्फ पडला किंवा वितळलेलं पाणी मिसळलं की तो द्राव पातळ होतो, आणि पातळ झाला की रात्री परत गोठतो. तुम्हाला कडेला मीठ दिसतं आणि वाटतं रस्ता सुरक्षित आहे. तो काल रात्री होता.

पूल सगळ्यात आधी गोठतात. साध्या रस्त्याला खालून जमिनीची थोडी ऊब असते, पुलाला वरूनही वारा आणि खालूनही. बोगद्याची तोंडं, झाडांच्या किंवा उंच भिंतीच्या सावलीतली वळणं, डोंगरातून पाणी झिरपून रस्त्यावर येतं त्या जागा, हे तुमच्या २० किमीत कुठे कुठे आहे ते एकदा दुपारी जाऊन बघून या. बहुतेक गाड्या त्याच त्याच जागांवर घसरतात, मला तर पाठ झाल्यात.

आणि एक हात जोडून विनंती. आमच्या ट्रकला ओव्हरटेक करू नका. बर्फ उडत असतो, तुम्ही बाजूला आलात तर मला दिसत नाही, आणि पातं कधीकधी लेनच्या बाहेर आलेलं असतं. त्याहून साधी गोष्ट, माझ्या मागचा रस्ता मी साफ केलेला असतो, माझ्या पुढचा नाही. एवढी घाई करून पुढे जाऊन मिळणार काय?

भित्रा_ससा:
@रात्रपाळी दादा, मानलं तुम्हाला. काल एका प्लाऊच्या मागे रांगेत बसून मीच मनात शिव्या घातल्या होत्या, परत घेतो. पण एक शंका, म्हणजे जितकी थंडी जास्त तितका धोका जास्त असं ना? मी रोज हवामान बघून मायनस पंधरा दिसलं की पोटात गोळा येतो आणि मायनस एक दिसलं की हुश्श.

अर्धवट_शास्त्रज्ञ:
उलट आहे साहेब, अगदी उलट. तुमचा गोळा आणि हुश्श यांची अदलाबदल करा.

आपला निम्मा घोळ भाषेत आहे. वरून कापसासारखा भुरभुरतो तोही बर्फ, गोठून काचेसारखा होतो तोही बर्फ, गाड्यांनी दाबून दाबून मार्बलची फरशी झालेला तोही बर्फच. टायरच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मायनस पंधरातला ताजा कोरडा बर्फ पायाखाली करकर वाजतो, त्यावर टायर बऱ्यापैकी पकड घेतं. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ सगळ्यात वाईट.

बर्फ घसरडा का असतो याचं शाळेतलं उत्तर होतं की वजनाच्या दाबाने तो वितळतो. करून बघा हिशोब, गाडीच्या टायरखालच्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू एका डिग्रीचा पन्नासावा भागसुद्धा खाली येत नाही. खरं कारण पृष्ठभागात आहे. सगळ्यात वरच्या थरातल्या कणांना धरायला वर शेजारीच नसतात, त्यामुळे शून्याखालीही तो थर सैल, पाण्यासारखा राहतो. मायकेल फॅरेडेने १८५० सालीच बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात यावरून हा तर्क मांडला होता. हा थर शून्याजवळ जाड असतो, थंडी वाढेल तसा पातळ होत जातो, त्यात घासण्याच्या उष्णतेने शून्याजवळचा बर्फ पटकन पाणी सोडतो. म्हणजे काचेवर पाणी, आणि त्यावर तुमचं टायर.

म्हणून खरा घातवार कुठला, तर दिवसा ऊन पडून बर्फ वितळला, रस्ताभर पाणी झालं, संध्याकाळी आभाळ मोकळं झालं, रात्रीत ते सगळं गोठलं, आणि सकाळी सहाला तुम्ही निघालात. दिवसातली सगळ्यात जास्त थंडी उजाडायच्या सुमाराला असते, तुमची वेळ नेमकी तीच. ढग असले की जमिनीची ऊब थोडीफार अडून राहते, चांदण्या लख्ख दिसत असतील तर ती सरळ वर निघून जाते आणि रस्ता हवेपेक्षाही थंड होतो. गाडीतलं थर्मामीटर बंपरजवळच्या हवेचं तापमान दाखवतं, रस्त्याचं नाही. ते प्लस दोन दाखवत असताना खाली बर्फ असू शकतो, म्हणून तर बऱ्याच गाड्या तीन-चार डिग्रीलाच बर्फाचं चिन्ह दाखवून टिंग करतात. ते टिंग उगाच नसतं.

आळशी_कासव:
वर प्लस दोन वाचून अंगावर काटा आला, माझी गोष्ट तीच आहे.

तीन वर्षं झाली असतील. रस्ता पूर्ण काळा, ओला दिसत होता, बर्फाचा कण नाही, थर्मामीटर प्लस दोन. मी पंचावन्न-साठने चालले होते, समोर छोटासा पूल, चाळीसेक मीटरचा. पुलावर गेले आणि आवाज बंद झाला. म्हणजे ओल्या रस्त्यावर टायरचा जो सूंऽऽ आवाज येत असतो ना, तो कोणीतरी बटण दाबावं तसा बंद. रेडिओ एकदम मोठा वाटायला लागला. स्टिअरिंग हलकं झालं, एका बोटाने फिरेल इतकं, जणू पुढच्या चाकांशी त्याचा संबंधच तुटला. आणि मग डॅशबोर्डवरचा माझा गॉगल हळूच डावीकडून उजवीकडे सरकत गेला. गाडी वळतीये हे मला त्या गॉगलमुळे कळलं. मी घाबरून ब्रेक मारला, मागचं बूड पुढे आलं, गाडी अर्धी फिरली आणि कठड्याला दार घासत थांबली. मला काही झालं नाही. मागचा गाडीवाला दीडशे मीटर लांब होता म्हणून तो थांबू शकला, तो जवळ असता तर हे लिहायला मी नसते बहुधा.

त्यानंतर खटपट करून मोकळ्या मैदानात शिकले, ते सांगते. ससा, तू विचारलंस ना उलटं म्हणजे कशाच्या उलटं, तो उलट शब्दच विसर. मागचं बूड सुटलं तर बूड ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग. बूड उजवीकडे तर स्टिअरिंग उजवीकडे. हे सगळं त्या क्षणी आठवत नाही, म्हणून सोपं असं की जिथे जायचंय तिथे बघ, हात आपोआप तिकडे जातात. आपण बघतो खांबाकडे, आणि मग खांबावरच जातो! गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंगही लगेच सरळ करायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला आणखी जोरात फिरते, पहिल्यापेक्षा तो दुसरा झोका वाईट.

आणि पुढची चाकं सुटली, म्हणजे तू वळवतोयस आणि गाडी सरळच चाललीये, तर सगळे काय करतात, अजून वळवतात. चूक. ॲक्सिलरेटर सोड, वळवलेलं थोडं कमी कर, चाकं पकड घेऊ देत, मग हलकेच वळव. एका वेळी एकच काम द्यायचं टायरला, ब्रेक तरी नाहीतर वळण तरी. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि वळणात पायाने काहीच करायचं नाही.

काळा बर्फ ओळखायचा कसा तर नीट दिसत नाहीच, तो पातळ पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं. पण पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघ. रस्ता ओला दिसतोय आणि चाकामागून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाहीच.

पुढच्या गाडीपासून अंतर मोजायला मी खांब धरते. ती खांबापाशी गेली की एक-दोन मोजायला सुरुवात, मी तिथे पोचेपर्यंत आठ-दहा व्हायला पाहिजेत. कोरड्यात तीन पुरतात. मधे कोणीतरी घुसतंच, घुसू दे, परत मागे हो. आणि क्रूझ कंट्रोल बंद, चाकं सुटली की ते येडं वेग टिकवायला आणखी रेस देऊ शकतं.

टायरवाला_नाही_पण:
टायरचं कोणीच बोललं नाही अजून म्हणून बोलतो. एम प्लस एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण तो कंपनीने नक्षी बघून लावलेला शिक्का आहे, त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असं चित्र शोध टायरच्या बाजूला, ते असेल तर तो बर्फावर तपासून पास झालेला टायर.

नक्षीपेक्षा रबर महत्त्वाचं. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात डिग्रीच्या खाली कडक होत जातं, नखाने दाबून बघ थंडीत, प्लास्टिकच्या बादलीसारखं लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. कायद्याने बऱ्याच ठिकाणी १.६ मिमी नक्षी चालते पण बर्फाला ४ मिमीच्या खाली गेलेला टायर नको. बदलायचे तर चारही, फक्त पुढचे दोन बदललेस तर पुढचं धरतं आणि मागचं सुटतं, कासवताईचं पुलावर झालं तसं.

खिळ्यांचे टायर काही ठिकाणी चालतात काही ठिकाणी बंदी आहे, ते तुझ्या तिथला नियम बघ. साखळ्या डिकीत असू देत, इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायच्या, फोर व्हीलला कुठल्या लावायच्या ते गाडीच्या पुस्तकात असतं. लावल्यावर थोडं पुढे जाऊन परत आवळायच्या, पन्नासच्या वर जायचं नाही, मोकळं डांबर लागलं की काढायच्या. आणि लावायचा सराव घरी उजेडात कर रे बाबा, अंधारात गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा लावणाऱ्याचे हाल मी बघितलेत. म्हणजे माझेच.

रात्रपाळी:
एक राहिलं, अडकलात तर. इंजिन चालू ठेवून हिटर लावून बसायच्या आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का बघायचं. ते बर्फात बुडालं असेल तर धूर आत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते. तासाला दहा मिनिटं इंजिन पुरतं, वारा ज्या बाजूने येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. बर्फ पडत राहिला तर प्रत्येक वेळी उतरून परत बघायचं. गाडी सोडून चालत निघू नका, पांढऱ्यात पांढरं दिसत नाही, गाडी शोधायला सोपी पडते, माणूस नाही.

डिकीत एक छोटं फावडं, ब्लँकेट, टॉर्च, वाळूची पिशवी. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की रेस वाढवू नका, खालचा बर्फ गुळगुळीत होतो आणि खड्डा खोल होतो. चाकापुढचं उकरायचं, वाळू टाकायची, नसेल तर पायपुसणं, पण पायपुसणं घातलं तर मागे कोणाला उभं करू नका, ते उडून येतं.

आणि निघताना टपावरचा बर्फ झाडायचा. बरेच जण काचेला दोन भोकं पाडून निघतात, पहिल्या ब्रेकला टपावरची सगळी लादी घसरून काचेवर येते, वायपर ढकलू शकत नाही, डोळे बांधल्यासारखं होतं.

भित्रा_ससा:
मंडळी, सोळा दिवसांनी अपडेट द्यायला आलोय. शिखर-चांदणीवाले चार टायर घातले. रविवारी एका मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन वीसच्या वेगाने मुद्दाम ब्रेक दाबला, पेडल थरथरलं, पाय नाही काढला! आणि दाबलेल्या ब्रेकसकट स्टिअरिंग वळवलं तर गाडी खरंच वळली, मग वेड्यासारखं दहा-बारा वेळा तेच केलं, चाळीस मिनिटं झाली कळलंच नाही. बूड सोडवून सरळ करणं तिसऱ्या-चौथ्या वेळेला जमलं, कासवताई, तो दुसरा झोका खरंच वाईट आहे, एकदा पूर्ण गोल फिरलो.

सकाळी आता पावणेसहाला निघतो. वाटेत दोन पूल आणि एक सावलीतलं वळण आहे, तिघांना नमस्कार करून जातो. परवा पुलावर तो आवाज बंद झाल्याचं मलाही ऐकू आलं, काही केलं नाही, पाय उचलून नुसता बसून राहिलो, पलीकडे गेल्यावर आवाज परत आला. पाठीला घाम फुटला होता मायनस एकमध्ये.

आता नवीन भानगड. आज सकाळी गाडी सुरू झाली पण जागची हलेना, मागची चाकं धरून बसली होती. अर्धा तास गेला, मग कट्ट करून सुटली. हे काय असतं?

जुना_खटारा:
हँडब्रेक ओढून ठेवला होतात ना रात्रभर? आदल्या दिवशी ओल्यातून आलात, ते पाणी केबलमध्ये नाहीतर पॅडला गोठलं. सपाट जागा असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. गाडी लावायच्या आधी शेवटच्या शंभरेक मीटरात दोन-तीनदा हलके ब्रेक दाबत या म्हणजे पॅड वाळतात. उतारावर लावत असाल तर मात्र हँडब्रेक लागेलच, तेव्हा चाकं कडेच्या बाजूला वळवून ठेवा.

टायरवाला_नाही_पण:
आणि गाडी खालून धुऊन घे अधूनमधून, दिवसा तापमान शून्याच्या वर असेल तेव्हा. रात्रपाळीदादांचं मीठ ब्रेकच्या नळ्या आणि चासी खातं.

रात्रपाळी:
माझं एकट्याचं नाही हो ते मीठ :) चला, मला बारानंतर बर्फ सांगितलाय, झोपतो दोन तास.